उत्स्फूर्त म्हणजे काय? : गिब्ज ऊर्जा आणि चुनाभट्टी



रसायनशास्त्राच्या प्राथमिक वर्गात ‘उत्स्फूर्त’ हा शब्द आला, की मराठीतून शिकून आलेला विद्यार्थी हमखास फसतो. उत्स्फूर्त काव्य, उत्स्फूर्त टाळ्या यांमुळे ‘आपोआप’ आणि ‘तत्काळ’ असे दोन्ही अर्थ त्याच्या मनात रुजलेले असतात. शास्त्राला त्यांतला पहिलाच हवा आहे. क्रियेचा कल कोणीकडे, एवढेच तो शब्द सांगतो. वेग सांगत नाही.

शापोरा नदीकाठच्या हळर्णातील मुलांना हे समजावण्यास प्रयोगशाळा लागू नये. गोव्यातील जुन्या बांधकामांत शिंपल्या भाजून केलेला चुना वापरला जाई. शिंपली म्हणजे मुख्यत्वे कॅल्शियम कार्बोनेट. ते फुटून कळीचा चुना आणि कार्बन डायऑक्साइड होण्यास मोलमागे सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता लागते. मात्र वायू मोकळा होत असल्याने एन्ट्रॉपी केल्व्हिनमागे सुमारे १६० ज्यूलने वाढते. गिब्ज यांचे सूत्र असे, की उष्णतेच्या आकड्यातून तापमान आणि एन्ट्रॉपीतील वाढ यांचा गुणाकार वजा करावा. उत्तर ऋण आले, तर क्रिया उत्स्फूर्त. सुमारे ८४० अंश सेल्सियसला हे पारडे फिरते. भट्टीवाल्याला सूत्र ठाऊक नव्हते, आच किती हवी हे पक्के ठाऊक होते!

तोच चुना विरवून भिंतीत घातला, की हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा कार्बोनेट होऊ लागतो. ही क्रियाही उत्स्फूर्तच. पण जाड भिंतीच्या पोटापर्यंत पोचण्यास तिला वर्षानुवर्षे लागतात.

जोसाया विलार्ड गिब्ज (१८३९-१९०३) हे अमेरिकेतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक. त्यांचे वडील तेथेच भाषापंडित होते. गिब्ज यांचा समतोलावरील प्रबंध १८७६ ते १८७८ या काळात कनेक्टिकट अकादमीच्या नियतकालिकात आला आणि फार थोड्यांनी वाचला. १८९२ साली ऑस्टवाल्ड यांनी त्याचे जर्मन भाषांतर केले, त्यानंतर त्याला युरोपात वाचक मिळाले.

‘समतोल’ या शब्दाचीही तीच गत. उघड्या भट्टीतून वायू निघून जातो, म्हणून तेथे समतोल साधत नाही. बंद भांड्यात मात्र वायूचा दाब एका मर्यादेपर्यंत चढतो; मग फुटणे आणि जुळणे सारख्याच वेगाने चालू राहते. फळ्यावर ‘क्रिया थांबली’ असे लिहिणे म्हणूनच चूक. त्या वेळी शून्य होतो तो प्रत्यक्ष स्थितीतील गिब्ज ऊर्जेचा बदल. प्रमाण स्थितीतील बदल शून्य असेलच असे नाही. पुस्तकात या दोहोंत एका चिमुकल्या वर्तुळाचा फरक असतो, आणि परीक्षेतले बहुतेक गुण तेथेच जातात.