माहेरचे क्रोटन



क्रोटनवर बोलावे असा मंडळाचा आग्रह झाला. मी काही शिकलेली माळीण नव्हे. एक झाड मारता मारता वाचवले, एवढीच माझी विद्या.

आईने आमच्या राजापूरच्या परसातल्या क्रोटनला गुटी बांधून मला रोप दिले. त्याच पावसाळ्यात ती गेली. रोप वाघोलीला आणले आणि आठ दिवसांत त्याची सगळी पाने गळाली. मी रडकुंडीला आले व रोज दोन तांबे पाणी ओतू लागले. शेवटी सोसायटीच्या माळीदादांनी खोडाची साल नखाने खरवडली. आत हिरवीगार! म्हणाले, "बाई, जागा बदलली म्हणून रुसलंय. मरायचं ते तुमच्या पाण्यानं मरेल."

हे झाड मूळचे इंडोनेशियाच्या बेटांपासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंतच्या दमट मुलखातले. कोकण त्याला मानवते. आपली कोरडी हवा एकदम सोसत नाही. तेव्हापासून वरची बोटभर माती सुकल्याशिवाय मी पाणी देत नाही. टँकरचे पाणी विकत घेणाऱ्या घरात तांदूळ धुतलेले पाणीच त्याच्या वाट्याला येते, आणि ते त्याला पुरते.

दीड महिन्याने कोंब आले, पण नुसते हिरवे! पुन्हा धसका. कोवळे पान बहुधा हिरवेच असते. लाल-पिवळा रंग पुढे उन्हाने चढतो. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवाल तर हिरवेच राहील. पूर्वेची गॅलरी उत्तम. डिसेंबरच्या गारठ्यात भिंतीलगत सरकवावे. नगर रस्त्याची आणि खाणींची धूळ मात्र ओल्या फडक्याने पानांच्या दोन्ही बाजूंनी पुसावी, नाहीतर लाल कोळी धरतो.

झाड एरंडाच्या कुळातले. छाटताना चीक निघतो. तो कातडीला झोंबतो, कपड्यावरचा डाग जात नाही. मुलांना पाने चघळू देऊ नका. (शास्त्राप्रमाणे खरा 'क्रोटन' म्हणजे आपला जमालगोटा! आपल्या कुंडीतले झाड निराळे. नाव मात्र त्याला चिकटले ते चिकटलेच.)

यंदा आषाढात मी प्रथमच गुटी बांधली. इंचभर साल गोल काढून ओले शेवाळ लावले, वर प्लास्टिक घट्ट गुंडाळले. महिन्याभराने पांढरी मुळे दिसली तेव्हा आईचे हात आठवले. ती शेणमाती आणि गोणपाटाने बांधी. ते रोप माझ्या लेकीबरोबर बंगळूरला गेले. परवा तिचा फोन आला, "आई, सगळी पाने गळली गं!"

मी म्हटले, "नखाने साल खरवडून बघ."