आधी लाकूड, मग जळण

सोलापूर जिल्ह्यात बांधावरची बाभूळ, कडुनिंब, बोर ही झाडं उभ्याउभी वाळण्याची कारणं फार लांब शोधावी लागत नाहीत. वर्षाचा सरासरी पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर. तो ओळीने दोन वर्षं हुकला की जुनं झाड शेंड्याकडून वाळू लागतं. उसाचं पाचट पेटवलं की बांधाकडच्या झाडाची साल भाजते आणि पुढच्या उन्हाळ्यात ते जातं. मग कुऱ्हाड लागते आणि शेंड्यापासून बुंध्यापर्यंत सगळं चुलीत. बुंधा चुलीत घालणं हे उघड नुकसान आहे.

मालदांडीच्या मुलखात हे उलगडून सांगावं लागू नये. ज्वारी काढली की आधी कणसं खुडतात, मग ताटांचा कडबा होतो. कणसासकट पेंढी कोणी गंजीला लावत नाही. झाडाचं तसंच आहे. बुंधा हे कणीस, फांद्या हा कडबा, आणि जमिनीत उरतं ते धसकट.

झाड खरंच मेलं आहे का, हे आधी पाहावं. कडुनिंब माघ-फाल्गुनात पानं टाकतो, म्हणून तो मेला असं होत नाही. नखाने साल खरवडावी. खाली हिरवं, ओलं दिसलं तर झाड जिवंत आहे. आंबा, चिंच, जांभूळ, साग, चंदन ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. वाळलेल्या झाडाची परवानगी नाकारायची नाही असं कायदाच सांगतो, पण ती तोडण्याआधी मागावी लागते.

तोड पावसाळ्याआधी करावी. मेलेलं झाड आणखी एक पावसाळा उभं राहिलं तर वाळवी आणि भुंगेरे आपला वाटा घेतात आणि कणीस किडून जातं. वाळकं झाड हिरव्यापेक्षा धोक्याचं असतं. कुऱ्हाडीच्या हादऱ्याने वरची फांदी मोडून थेट डोक्यावर येते. म्हणून आधी वर पाहावं, मग खाली. ज्या बाजूला पाडायचं तिकडून बुंध्याच्या चौथाईइतकी खाच घ्यावी, मागचा काप तिच्यापेक्षा थोडा वर घ्यावा आणि मध्ये लाकडाची पट्टी न कापता ठेवावी. वाळक्या लाकडात ही पट्टी अचानक तुटते, त्यामुळे मागे तिरकं सरकायला वाट मोकळी हवी. विजेच्या तारेजवळचं झाड एकट्याने पाडायचंच नाही.

झाड आडवं झालं की लगेच जळणाचे तुकडे पाडायची घाई होते. तिथेच थांबायला हवं. बाभळीचा गाभा तांबूस, जड आणि टिकाऊ असतो. बैलगाडीची चाकं, जू, कुळव, कुऱ्हाडीचे दांडे याच लाकडाचे होत आले. बाहेरचं पांढरट लाकूड भुंगेरे आधी धरतात. म्हणून साल लगेच सोलावी, ओंडके काही आठवडे पाण्यात मुरवावेत आणि मग सावलीत, जमिनीला न टेकवता, मध्ये पट्ट्या घालून रचावेत. उन्हात टाकलेला ओंडका टोकाकडून तडकतो. कडुनिंबाचं लाकूड वाळवीला दाद देत नाही, चौकट-खिडकीला चांगलं चालतं. पोकळ किंवा कुजका बुंधा मात्र खुशाल जळणात जावा.

उरलेला कडबा म्हणजे जळण. बाभळीचं लाकूड चुलीत बराच वेळ टिकतं, निखारा चांगला धरतं. फांद्या मनगटाएवढ्या तुकड्यांत, उभ्या फोडून, वारा लागेल अशा रचाव्यात. ओलसर लाकडाची बरीच ताकद स्वतःचं पाणी उडवण्यात जाते आणि धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांत जातो. वेडी बाभूळ जळणासाठीच ठेवावी, म्हणजे चांगल्या बुंध्यावर हात पडत नाही.

घर-वाटेपासून दूर असलेलं ढोलीचं एखादं झाड उभंच राहू द्यावं. पिंगळा त्यात राहतो, आणि तो उंदीर खातो. बुंध्याचं मात्र पुन्हा एकदा: कुऱ्हाड उचलण्याआधी गावच्या सुताराला तो एकदा दाखवावा.