वादळ कोकणात, पत्रे मुळशीत

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



'हवामान खात्यातून निवृत्त' अशी माझी ओळख करून दिली आणि मागच्या रांगेतून लगेच हशा आला. या हशाची मला सवय आहे. नोकरीत असताना एकही लग्नकार्य असं गेलं नाही, जिथे कुणी विचारलं नाही, "काय रे, आज छत्री आणू का?" आणि मी 'नको' म्हणालो की समोरचा हमखास छत्री घेऊन यायचा.

तर तुम्ही मला पंधरा मिनिटं दिली आहेत, त्यात मी वादळाविषयी बोलणार आहे. भऱ्यात बसून चक्रीवादळाचं काय बोलायचं, समुद्र कुठे आणि आपण कुठे, असं काहींना वाटेल. म्हणूनच हा विषय घेतला.

३ जून २०२० ही तारीख आठवा. लॉकडाऊन चालू होता, शाळा बंद होती. निसर्ग नावाचं वादळ त्या दिवशी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला, श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. सगळे टीव्हीवाले तोंड करून उभे होते मुंबईच्या समुद्राकडे. सकाळी मला गावाकडून आपल्याच एका वर्गमित्राचा फोन आला. म्हणाला, "बातम्यांत रायगड-रायगड चाललंय, आपल्याला काही आहे का?" मी म्हटलं, "आहे. गोठ्याचे पत्रे बांध आणि जमलं नाही तर जनावरं बाहेर काढून पक्क्या भिंतीच्या आडोशाला बांध." संध्याकाळी त्याचे पत्रे शेजाऱ्याच्या खाचरात जाऊन पडले. जनावरं शाबूत राहिली. तो समोरच बसलाय, नाव घेत नाही.

त्या दिवशी मुळशी, मावळ, खेड, जुन्नर या पट्ट्यात घरांचे पत्रे उडाले, विजेचे खांब वाकले, पॉलिहाऊसचे सांगाडे झोपले. पुष्कळांनी नंतर मला विचारलं की हे इकडे कसं आलं? उत्तर नकाशावर आहे. श्रीवर्धनहून मुंबई सरळ रेषेत साधारण शंभर किलोमीटर. श्रीवर्धनहून भरे नव्वद किलोमीटरच्या आसपास. म्हणजे वादळ जिथे किनाऱ्याला लागलं त्या जागेला मुंबईपेक्षा आपण जवळ होतो. ताम्हिणी उतरलं की माणगाव, तिथून पुढे श्रीवर्धन. आपण दिवेआगरला सहल काढतो तेव्हा हे अंतर आपल्याला काहीच वाटत नाही. वादळालाही वाटलं नाही.

वादळाची ताकद समुद्रात असते. पाण्याचं तापमान साडेसव्वीस अंशांच्या वर असेल तर त्याची वाफ वर चढते, थंड होऊन तिचं पाणी होताना जी उष्णता सुटते त्यावर ही भट्टी पेटते. जमिनीवर आलं की सरपण संपतं आणि वादळ विझायला लागतं. पण विझायलाही वेळ लागतो, आणि कोकणपट्टी अरुंद. किनारा ते सह्याद्री हे अंतर निसर्गने काही तासांत कापलं. संध्याकाळी त्याचा मध्य पुण्याच्या पश्चिमेच्या डोंगरांत होता, तेव्हाही ते 'चक्रीवादळ' याच वर्गात होतं. ताशी ६२ किलोमीटरच्या वर वारा असल्याशिवाय हा शब्द आम्ही वापरत नाही. ज्या पत्र्याला दोन हुकांऐवजी एकच हुक लावलाय, त्याला तेवढा वारा पुरतो.

आता ते इकडे वळलं कसं? आपल्या भूगोलाच्या सरांनी चक्रीवादळ फळ्यावर काढलं होतं, गोल गोल बाण असलेलं. ते चित्र बरोबरच होतं. पण वादळ स्वतःच्या पायाने चालत नाही. मुळेला पूर आला की ओंडका कसा गरगर फिरत फिरत प्रवाहाबरोबर जातो? तसंच. फिरणं त्याचं, जाणं प्रवाहाचं. हा प्रवाह म्हणजे वरच्या थरांतले वारे. अरबी समुद्रातली बरीचशी वादळं ओमान-येमेनकडे किंवा गुजरातकडे जातात. निसर्गच्या वेळी वरच्या वाऱ्यांनी त्याला ईशान्येकडे वळवलं. वादळाचा अंदाज करणारा माणूस वादळाकडे कमी आणि त्याच्या आजूबाजूच्या वाऱ्याकडे जास्त बघत असतो.

उपग्रहाचं चित्र, कुलाब्याचं रडार, समुद्रातले तरंगते बोये, जहाजांकडून येणाऱ्या नोंदी, आणि या सगळ्यावर चालणारी संगणकाची गणितं. वीसेक वर्षांपूर्वी चोवीस तास आधी वर्तवलेली जागा आणि प्रत्यक्ष जागा यांत सरासरी दीडशे किलोमीटरच्या घरात फरक पडायचा. आता तो ऐंशीच्या आसपास आलाय. म्हणजे अजूनही भऱ्याहून श्रीवर्धनला जाण्याएवढा. म्हणून नकाशावर रेषेच्या दोन्ही बाजूंना रंगवलेला पट्टा असतो. लोक मधली रेषा बघतात आणि पट्टा सोडून देतात. निसर्गच्या आधी एक-दोन दिवस खात्याने हरिहरेश्वर ते दमण असा पट्टा सांगितला होता, अलिबागजवळ. श्रीवर्धन हरिहरेश्वरच्या शेजारीच. तरी मुंबईत दुसऱ्या दिवशी लोक म्हणत होते, "अंदाज चुकला, काही झालंच नाही." श्रीवर्धनच्या नारळ-सुपारीच्या बागायतदाराला जाऊन विचारा म्हणावं, काही झालं का.

तरी राज्यात मृतांची संख्या एक आकडीच राहिली, कारण किनाऱ्यावरची माणसं आधीच हलवली होती. हे सहज झालेलं नाही. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशात जे महावादळ आलं, त्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. त्याच किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन आलं, तेव्हा सुमारे दहा लाख लोक आधी हलवले आणि मृत्यू पन्नासच्या आत राहिले. मधल्या चौदा वर्षांत उपग्रह सुधारले हे खरं. पण निवारे बांधले गेले, गावोगाव कोणी कुणाच्या दारात जायचं हे ठरलं, हे जास्त खरं. बांगलादेशात १९७० च्या वादळात तीन ते पाच लाख माणसं गेली असं मानतात. त्यानंतर तिथे गावातलेच स्वयंसेवक तयार केले गेले, हातात झेंडा आणि कर्णा. इशारा दिल्लीहून किंवा ढाक्याहून निघतो, पण शेवटचा मैल पायीच चालावा लागतो.

आणि त्या मैलावर शब्द अडखळतात. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये फिलिपिन्सच्या टॅक्लोबान शहरावर हैयान वादळ आलं. इशारा होता, वेळेवर होता, त्यात 'स्टॉर्म सर्ज' येणार असं लिहिलं होतं. म्हणजे वाऱ्याने ढकलून आणलेली समुद्राची भिंत. लोकांना तो शब्दच कळला नाही. वाचलेले नंतर म्हणाले, 'त्सुनामी येतेय' एवढं म्हटलं असतं तरी आम्ही पळालो असतो. त्या वादळाने देशात सहा हजारांहून जास्त माणसं नेली.

आपल्याकडे असा शब्द कोणता, सांगू? 'तुरळक'. 'घाटमाथ्यावर तुरळक ठिकाणी अत्यंत मुसळधार पावसाची शक्यता.' ऐकणारा म्हणतो, तुरळक आहे ना, मग लावणी उरकून घेऊ. आमच्या भाषेत तुरळक म्हणजे थोडा पाऊस नव्हे. तुरळक हे ठिकाणांना लागतं, पावसाला नाही. त्या भागातल्या शंभर केंद्रांपैकी पंचवीस किंवा त्याहून कमी ठिकाणी, एवढाच त्याचा अर्थ. आणि त्या ठिकाणी पडणारा पाऊस? चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर गेला की त्याला 'अत्यंत मुसळधार' म्हणतात. आता ती तुरळक ठिकाणं कोणती, हे मुळशीकराला कोणी सांगायला नको. दरवर्षी त्यात ताम्हिणी असतेच. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच काळात शिवाजीनगरला ११४. एका गुंठ्यावर ५५६ मिलिमीटर म्हणजे छप्पन्न हजार लिटर पाणी, दहा हजारांच्या टँकरचे साडेपाच टँकर. एका गुंठ्यावर! तो डोंगर किती गुंठ्यांचा आहे, तुम्हीच हिशेब करा.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. दीडशेहून जास्त माणसं. गाव दिसत नाही ही पहिली खबर एसटीच्या चालकाने दिली. २०२३ च्या जुलैत इरशाळवाडी गेली. मला ही दोन नावं इथे घ्यायला आवडत नाहीत, पण आपले कितीतरी वर्गमित्र वरच्या वाड्यांतून चालत शाळेत यायचे, आणि त्यांची घरं अजून त्याच उतारावर आहेत.

म्हणून एक मागणं आहे. मेळाव्याच्या निधीतून शाळेला काहीतरी द्यायचं ठरलंय. कुणी म्हणतं कमान, कुणी घड्याळ. कमानीला माझा विरोध नाही, तिच्यावर आपली नावं येतात हे मलाही ठाऊक आहे. पण त्यातले थोडे पैसे पर्जन्यमापकाला द्या. साधा, नळकांड्याचा. वीज लागत नाही, मोबाईलची रेंज लागत नाही. रोज सकाळी साडेआठला, कारण देशभर तीच वेळ, आठवी-नववीच्या दोन मुलांनी पाणी मोजायचं आणि आकडा फळ्यावर लिहायचा. शेजारी त्या दिवशीचा खात्याचा अंदाज, आणि त्याच्या खाली भऱ्यातल्या माणसाला कळेल अशा भाषेत एक ओळ. 'तुरळक' चालणार नाही, 'वरच्या वाडीला आज रात्री खाली शाळेत झोपायला या' चालेल. पोरं मोजायला शिकली की अंदाज फसला की आपण फसलो, हे ती आकड्यावरून सांगतील. पहिले दोन पावसाळे मी दर शनिवारी येऊन शिकवीन. पेन्शन आहे, वेळ आहे, आणि आता लग्नांत मला कोणी छत्रीचंही विचारत नाही.

जागा मात्र नीट निवडावी लागेल. भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक बसवायचा, नाहीतर पानांवरून गळलेलं पाणीच मोजत बसू. मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथे आपण कबड्डी खेळायचो, तिथे जमेल असं मला येताना वाटलं. मुख्याध्यापकांची हरकत नसेल तर जेवणं झाल्यावर टेप घेऊन बघून येऊ. टेप मी आणलीय.