संघटनेचे दार



वर्गणी गोळा झाली म्हणजे संस्था उभी राहिली, असा आपला समज असतो. आम्ही एक परदेशचा दाखला देतो.

१९६२ साली कॅलिफोर्नियात सीझर चावेझ व डोलोरेस ह्युएर्ता यांनी शेतमजुरांची संघटना काढली. मजूर बहुतेक मेक्सिकन वंशाचे. एकेकाच्या घरी पाचदहा माणसे जमवून त्यांची गाऱ्हाणी ऐकावयाची, हाच आरंभ. वर्गणी दरमहा ३.५० डॉलर, तुटपुंज्या मजुरीतून ती देणाऱ्यास संघटना आपली वाटू लागली. अंत्यविधीसाठी विमा निघाला, पतपेढी निघाली. १९६५ साली फिलिपिनो मजुरांनी पुकारलेल्या द्राक्षसंपात ही संघटना सामील झाली आणि १९७० साली मळेवाल्यांना करार करणे भाग पडले.

परंतु परवान्याविना सीमा ओलांडून आलेल्या मजुरांना हीच संघटना संपफोडे मानी. १९७४ साली तिने त्यांच्याविरुद्ध मोहीमही चालविली. उलट, बर्ट कोरोना व सोलेदाद अलातोरे यांनी १९६८ साली लॉस एंजेलिस येथे स्थापिलेल्या ‘कासा’ या संस्थेने त्यांनाच सभासद करून घेतले व हद्दपारीच्या प्रसंगी साह्य दिले. पुढे पहिल्या संघटनेलाही आपले धोरण पालटावे लागले.

आपल्या मंडळाच्या यादीत ज्या घरांची नावे नाहीत, ती का नाहीत, हे यंदा आपण त्यांच्या ओसरीवर जाऊनच विचारू या.