गिधाडांचा नाश व आपलें कर्तव्य



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्ही गिधाडांविषयीं बोलूं इच्छितों, याचें कित्येकांस नवल वाटेल. लोभी मनुष्यास गिधाड म्हणून नांवें ठेवण्याची आपली जुनी वहिवाट आहे. परंतु हेंच गिधाड शिवारांत मरून पडलेलें ढोर थोड्याच वेळांत फस्त करी व गांवाचें आरोग्य राखी. त्याची किंमत आपणांस तें नाहींसें झाल्यावर कळली.

१९९२ ते २००७ या काळांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शेंकडा ९९ हून अधिक घटलीं. आरंभीं एखादी सांथ आली असावी असा तर्क होता. २००४ सालीं पाकिस्तानांतील संशोधनानें खरें कारण उघड केलें. गुरांचें दुखणें शमावें म्हणून डायक्लोफेनॅक नांवाचें औषध देत. तें टोंचलेलें जनावर लौकरच मेलें व गिधाडांनीं खाल्लें, म्हणजे त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होत. एका शवावर गिधाडांचा थवाच्या थवा उतरतो. त्यामुळें शेंकडा एकाहूनही कमी शवें विषारी असलीं, तरी एवढा संहार घडूं शकतो. शिवाय मादी वर्षाकांठीं एकच अंडें घालते. झालेली हानि लौकर भरून येत नाहीं.

या कामीं कोणाचा द्वेष नव्हता. गाईवरील दयेपोटींच शेतकऱ्यानें औषध दिलें. परंतु गिधाडें गेल्यावर शवें कुजूं लागलीं व भटकीं कुत्रीं वाढलीं. २००० ते २००५ या अवधींत त्यामुळें सुमारें पांच लाख माणसें अधिक दगावलीं, असा दोन अर्थशास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

सरकारनें २००६ सालीं गुरांसाठीं डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. तरीही माणसांसाठींच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोंचत. म्हणून २०१५ सालीं कुपी ३ मिलिलिटरची ठरविण्यांत आली. २०२३ सालीं केटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक हीं औषधेंही गुरांसाठीं वर्ज्य झालीं. गिधाडांस अपाय न करणारें मेलॉक्सिकॅम हें औषध उपलब्ध आहे.

कायदा झाला, तरी त्याचें पालन आपल्याच गोठ्यांत व्हावयाचें आहे. म्हणून आमची तीन मागणीं आहेत. जनावर आजारी पडल्यास गुरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागावें; माणसांचें औषध त्यास टोंचूं नये. वर्ज्य औषध दिलेलें जनावर मेलें, तर तें उघड्यावर न टाकतां खोल पुरावें. ज्या उंच झाडावर घरटें असेल, त्यास कुऱ्हाड लावूं नये. रायगड जिल्ह्यांत म्हसळ्याजवळ चिरगांवच्या परिसरांत ग्रामस्थ अशीं घरटीं राखीत आले आहेत. जें त्यांस साधलें तें आपणांसही साधेल.

ज्या पिढीनें गिधाडें पाहिलीं ती आतां वृद्ध होत आहे. पुढच्या महोत्सवास जमणाऱ्या मुलांस तीं केवळ चित्रांत दिसूं नयेत, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.