होळकरांच्या पदरचा संघ



धुळ्याहून आग्रा रोडनं निघालं, शिरपूर मागे पडलं, पळासनेरहून पुढचा बिजासनीचा घाट चढला, की सेंधवा येतं. होळकरांचं हे जुनं ठाणं. खानदेशाचं या घराण्याशी नातं मात्र त्याहून जुनं. मल्हारराव लहानाचे मोठे झाले ते तळोद्याला, मामा भोजराज बारगळांकडे. पुढे १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानं सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांकडे गेला आणि खानदेश इंदूरपासून तुटला. त्यानंतर सव्वाशे वर्षांनी याच इंदुरात होळकरांनी आणखी एक फौज उभी केली. ती होती अकरा जणांची, आणि तिनं सगळ्या हिंदुस्थानला घाम फोडला.

होळकर क्रिकेट संघ रणजी करंडकात या नावानं उतरला तो १९४१-४२ च्या हंगामात. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत त्यानं दहा वेळा अंतिम फेरी गाठली आणि चार वेळा करंडक जिंकला. अंतिम फेरी हुकली ती फक्त १९४८-४९ मध्ये.

हे जमलं कसं? जत्रेतल्या दंगलींवर वाढलेल्या खानदेशी माणसाला याचं उत्तर एका शब्दात कळेल: पदरी. संस्थानिकांच्या पदरी पैलवान असत. खुराक राजाचा, तालीम राजाची आणि जिंकलेली गदाही राजाच्या नावाची. इंदूरकरांनी क्रिकेटपटूंच्या बाबतीत तेच केलं. नागपूरच्या सी. के. नायडूंना इंदूरच्या महाराजांनी १९२३ मध्ये बोलावून घेतलं आणि आपल्या सैन्यात कॅप्टनची जागा दिली. पुढे ते कर्नल झाले. मुश्ताक अली कॅप्टन, माधवसिंह जगदाळे मेजर. हुद्दा फौजेतला, पगार संस्थानचा आणि खरी कामगिरी यशवंत क्लबच्या मैदानावर. यशवंतराव होळकर गादीवर असताना हा घाट पुरता जमून आला. भुसावळकरांना तर हा प्रकार समजावून सांगायलाच नको. रेल्वेत क्रीडा कोट्यातून नोकरी लागलेला कोणी ना कोणी त्यांच्या ओळखीचा असतोच. जळगावात जैन इरिगेशननं कॅरमपटूंना आणि क्रिकेटपटूंना नोकऱ्या दिल्या, तीही त्याच जातीची गोष्ट.

खेळाडूला खेळाचे पैसे द्यायचे, पण तसं म्हणायचं नाही, ही लाज काही आपल्याकडचीच नव्हे. अमेरिकेत बेसबॉलचं तेच झालं. १८६० च्या दशकात वॉशिंग्टनच्या नॅशनल्स संघातले बरेच खेळाडू कागदोपत्री सरकारी कारकून होते. त्यातल्या जॉर्ज राइटचा नोंदवलेला पत्ता शोधला, तर तिथे सार्वजनिक बाग निघाली! अखेर १८६९ मध्ये सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्ज संघानं पडदा बाजूला सारला आणि दहाही खेळाडूंना उघड पगार लावला. जॉर्जचा थोरला भाऊ हॅरी हा संघाचा प्रमुख, त्याला हंगामाचे १२०० डॉलर. धाकट्याला १४०० डॉलर, कारण खेळात तो सरस! आणि हा हॅरी मुळात पगारी क्रिकेटपटू. त्या वर्षी या संघानं एकही सामना गमावला नाही.

इंदूरनं पगार उघड म्हटला नाही, पण निकाल तसाच काढला. १९४५-४६ च्या उपांत्य सामन्यात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावांवर डाव सोडला. त्या एका डावात सहा शतकं. भांडारकर १४२, सरवटे १०१, जगदाळे १६४, नायडू १०१, निंबाळकर १७२ आणि प्रताप सिंग बरोबर १००. यातली मराठी आडनावं मोजा म्हणजे संघाचा पोत कळेल. हे निंबाळकर म्हणजे भाऊसाहेब. महाराष्ट्राकडून खेळताना १९४८ मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ करणारे तेच. चंदू सरवटे वकील होते, शिवाय बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ. त्याच हंगामात अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध नायडूंनी द्विशतक ठोकलं. तेव्हा त्यांचं वय होतं ५०. होळकरांचा हा पहिला करंडक.

त्याआधीच्या वर्षीचा अंतिम सामना मात्र हरूनही लक्षात राहिला. मुंबईनं ४६२ आणि ७६४ धावा केल्या. विजय मर्चंट २७८. होळकरांसमोर लक्ष्य ८६७ धावांचं. त्यांच्याकडून खेळत होता डेनिस कॉम्प्टन, युद्धकाळात महूच्या छावणीत नेमणूक झालेला इंग्रज शिपाईगडी. एका धनिकानं शंभरीनंतरच्या दर धावेला रोख पैसे कबूल केले होते, असं कॉम्प्टन पुढे सांगायचा. पठ्ठ्यानं नाबाद २४९ केल्या. परत येऊन पाहतो तर धनिक ‘तातडीच्या कामासाठी’ निघून गेलेला! सामना मुंबईनं ३७४ धावांनी जिंकला. चार डावांत मिळून २०७८ धावा झाल्या.

नायडूंचा दरारा काही औरच. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात दत्तू फडकरांचा उसळता चेंडू त्यांच्या तोंडावर बसला. सांगतात, की ५६ वर्षांच्या या कर्नलनं पडलेले दात बॅटनं बाजूला सारले आणि खेळ चालू ठेवला. पन्नाशीनंतर आपल्यापैकी बरेच जण दात कोरण्यापलीकडे त्यांचा विचार करत नाहीत.

हे वैभव ज्या खांबावर उभं होतं तो खांब १९४८ मध्येच हलला. इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झालं. संस्थानी फौज गेली आणि तिच्यातले हुद्दे शोभेचे उरले. तरीही संघ सात वर्षं तग धरून राहिला. १९५२-५३ मध्ये कलकत्त्यात बंगालवर पहिल्या डावाची आघाडी घेऊन चौथा आणि शेवटचा करंडक त्यानं आणला. १९५४-५५ मध्ये मद्रासनं त्याला इंदुरातच, त्याच्या घरच्या मैदानावर, ४६ धावांनी हरवलं आणि होळकर हे नाव रणजीतून पुसलं गेलं. पुढच्या हंगामात तिथे ‘मध्य भारत’ आला. सिनसिनाटीतही असंच घडलं. १८७० नंतर क्लबनं पगाराचा हात आखडता घेतला, तेव्हा हॅरी राइट काही खेळाडू आणि संघाचं नावसुद्धा बरोबर घेऊन बोस्टनला गेला.

पुढे हा वारसा ज्याच्याकडे आला त्या मध्य प्रदेशला रणजी करंडकानं फार ताटकळत ठेवलं. १९९९ मध्ये चंद्रकांत पंडितांच्या नेतृत्वाखाली संघ बंगळूरच्या चिन्नास्वामी मैदानावर अंतिम सामना हरला. २६ जून २०२२ रोजी त्याच मैदानावर, पंडित प्रशिक्षक असताना, त्यानं मुंबईला सहा गडी राखून हरवलं. होळकरांच्या शेवटच्या करंडकानंतर ६९ वर्षांनी.

इंदूरच्या आजच्या क्रिकेट मैदानाला २०१० पासून होळकर स्टेडियम म्हणतात. आणि आयपीएलच्या लिलावात कोणावर किती बोली लावायची हे जोखायला संघमालकांची माणसं ज्या वीस षटकांच्या देशांतर्गत स्पर्धेवर डोळा ठेवून असतात, तिचं नाव आहे सय्यद मुश्ताक अली करंडक. हे तेच, होळकरांच्या फौजेतले कॅप्टन.