डबा उघडण्याचे हत्यार



मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या. गेल्या वर्षी आमरसाचा सीलबंद डबा सुरीने नि बत्त्याने फोडताना माझ्या अंगठ्याला तीन टाके पडले. इंग्लंडात पत्र्याच्या डब्याचे पेटंट १८१० साली निघाले, पण तो उघडण्याच्या हत्याराचे १८५५ साली! तोवर छिन्नी-हातोडा. (डबा काढणाऱ्याला स्वयंपाकघर ठाऊक नसावे.)

मी लोहाराकडून पोलादी पट्टी घडवून घेतली. तिची आकडी काठाखाली अडकवायची, टोक काठाच्या आत टेकवायचे; दांडा उचलला की टोक पत्र्यात शिरते. मग काठाकाठाने सरकत जायचे. पहिला दांडा आखूड झाला, जोर पुरेना. वीतभर केला, तेव्हा सासूबाईंनी संधिवाताच्या हातांनी डबा उघडला.

नमुना आणला आहे. टोक जपून, हाताळून पाहा.